लेकराला सांगू नका, आठवू द्या

पत्र:

ताई, मी औसा तालुक्यातली. मुलगा चौथीत आहे. शाळेत सर म्हणतात, निबंध पाठ करून लिहितो, स्वतःच्या मनानं एक वाक्य सुचत नाही. पाठ केलेलंही चार दिवसांत विसरतो. शाळेतून आला की मोबाईल. लातूरला एका क्लासमध्ये आम्हाला दाखवलं, लेकरं डोळ्याला पट्टी बांधून वाचतात, रंग ओळखतात. फी अठरा हजार. घरात सासरे आहेत, वय ७२. ते आडतीवर मुनीम होते. सगळा हिशेब तोंडावर असायचा. आता चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, एकच गोष्ट दोनदा सांगतात. आजोबा-नातू दोघांनाही जमतील, पैसे लागणार नाहीत असे खेळ आहेत का? का मोबाईलमध्येच बुद्धीचे गेम टाकून देऊ? माझं नाव छापू नका.

उत्तर:

ताई, अठरा हजार जपून ठेवा, पेरणीला कामाला येतील.

पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही अंगांना फट राहते. मान थोडी वर केली की खाली धरलेलं पान त्या फटीतून दिसतं. खात्री करायची असेल तर पुस्तक लेकराच्या कपाळासमोर धरा, नाहीतर पाठीमागे. वाचन तिथंच बंद पडतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी हा प्रकार वारंवार उघडा पाडलाय, तरी दर उन्हाळ्यात नव्या नावानं पाटी लागते. पैसे जातात ते जातातच, वरून लेकराला चारचौघांत फसवायची सवय लागते आणि त्याबद्दल टाळ्याही मिळतात. माझा राग त्याच्यावर जास्त आहे.

मोबाईलवरच्या बुद्धीच्या गेमचं थोडं वेगळं आहे. ते खोटे नसतात, त्यांची जाहिरात फुगवलेली असते. अमेरिकेत २०१६ साली असे गेम विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला तिथल्या सरकारी यंत्रणेनं २० लाख डॉलर भरायला लावले. म्हातारपणीचं विसरणं लांबणीवर पडतं, शाळेत प्रगती होते, असं कंपनी सांगत होती आणि त्याला पुरेसा पुरावा नव्हता. गेम खेळून तो गेम चांगला येतो, एवढंच नक्की. म्हणून मी खाली सांगते त्या खेळांकडूनही जादूची अपेक्षा धरू नका. मात्र त्यांत शब्द आठवावे लागतात, गावांची नावं, भाव, आकडे आठवावे लागतात, स्वतःचं वाक्य जुळवावं लागतं. तुमच्या लेकराला जे अडतंय तेच खेळात येतं, त्यामुळे सरावही त्याचाच होतो.

आता सासऱ्यांचं. खेळाच्या आधी त्यांना एकदा डॉक्टरांना दाखवा. चष्मा सापडत नाही, ही तशी वयाची गोष्ट. चष्मा कशासाठी असतो तेच कळेना, रोजच्या वाटेवर चुकायला झालं, दोनशेची नोट देऊन किती परत घ्यायचे हे मुनीमकी केलेल्या माणसाला उमगेना, किंवा थोड्याच दिवसांत एकदम फरक पडला, तर मग वेळ घालवायची नाही. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही, पण गोष्ट दोनदा सांगतात हे तुम्ही लिहिलंय, म्हणून तपासणी करून घ्या. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं नेहमीचं आहे, थायरॉइड असू शकतं, एखाद्या चालू गोळीचा परिणाम असू शकतो, आणि मन उदास असलं तरी माणूस विसरायला लागतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. कानही तपासा. पुष्कळदा म्हातारं माणूस विसरलेलं नसतं, त्याला पहिल्यांदा नीट ऐकूच आलेलं नसतं. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात हे सगळं होतं.

खेळांकडे येते. त्याआधी एकच नियम सांगते, तो सगळ्या खेळांना लागू. लेकरू अडलं की उत्तर सांगायचं नाही. आपल्याला ते बघवत नाही. ते डोकं खाजवतं, वर बघतं, आणि आपण पहिलं अक्षर पुरवून मोकळे होतो. पण ज्या अर्ध्या मिनिटात ते धडपडत असतं, तेवढाच खेळाचा उपयोगाचा भाग असतो. अमेरिकेत २००६ साली विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. बाकीच्यांनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. तुमचं लेकरू चार दिवसांत विसरतं ते याच्यामुळे. ते वाचतं, घोकतं, पण पुस्तक मिटून स्वतःला विचारत नाही. आपल्याकडं दहावी-बारावीच्या निकालांत लातूर पॅटर्नचं एवढं नाव झालं, त्यात पाठांतराचा वाटा किती आणि पुन्हा पुन्हा घेतलेल्या सराव परीक्षांचा किती, हे एखाद्या जुन्या मास्तरांना विचारून बघा.

पहिला खेळ गावांच्या भेंड्यांचा. गाण्याच्या भेंड्यांसारखाच, पण गाण्याच्या जागी गावाचं नाव. औसा म्हटलं की पुढच्यानं स वरून सेलू, मग लोहा, मग हिंगोली, मग लातूर. इथपर्यंत कुणीही येतं. गंमत पुढे आहे. लातूर जिल्ह्यातले दहा तालुके घ्या. लातूर, उदगीर, अहमदपूर, चाकूर, रेणापूर असे पाच र वर संपतात, आणि र वरून सुरू होणारा तालुका एकटा रेणापूर, तोही परत र वरच आणून सोडतो. देवणी ण वर संपते, शिरूर अनंतपाळ ळ वर. म्हणजे दहातले सात तालुके समोरच्याला अडकवायला तयार बसलेत. ण आला तर न घ्यायचा आणि ळ आला तर ल, एवढी सूट ठेवा, नाहीतर परभणी म्हणणारा दरवेळी जिंकेल. र चं काय करायचं ते लेकराला शोधू द्या. पहिल्या दिवशी ते रेणापूरवर मान टाकेल. राजूर सापडेल तर तोही र वर. कुठल्या तरी संध्याकाळी राणीसावरगाव सुचेल आणि गाडी व वर जाईल, वसमत, तुळजापूर करत पुन्हा र वर येईल. त्याच दिवशी ते मुद्दाम र वर संपणारी गावं आजोबांच्या अंगावर टाकायला शिकेल. नुसतं आठवणं मागे पडून डाव रचणं सुरू झालं, असं समजा.

या खेळात आबांचं पारडं जड राहणार. (नातू आबा म्हणत असेल असं धरून चालते.) आडतीवर बसलेल्या माणसाला कुठल्या गावची तूर कशी आणि कुठला शेतकरी कुठून येतो हे ठाऊक असतं. त्यांना नुसतं नाव सांगून थांबू देऊ नका. लेकरानं विचारायचं, तिथलं काय आठवतं? किल्लारीचं नाव निघालं की खेळ थांबणार, आणि थांबू द्या. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट तुमच्या भागातल्या त्या वयाच्या माणसाला सांगावी लागत नाही. तुमच्या लेकरानं मात्र ती कदाचित एका ओळीत ऐकली असेल. एकच गोष्ट ते दोनदा सांगतात ना? मग दुसऱ्यांदा सांगायला लागले की लेकरानं नवा प्रश्न टाकावा. त्या रात्री ढाळजेत कोण झोपलं होतं? विसर्जनाहून तुम्ही किती वाजता आला होता? जनावरं कुणी सोडली? तीच गोष्ट, पण या वेळी आबांना नव्या जागी शोधावं लागतं, आणि ऐकणाऱ्याला कंटाळा येत नाही.

दुसरा खेळ येळवशीचा, म्हणजे वेळा अमावास्येचा. एकानं म्हणायचं, ‘येळवशीला रानात निघालो, डोक्यावर घेतलं आंबिलीचं बिंदगं.’ दुसऱ्यानं ते म्हणून पुढं जोडायचं, ‘बिंदगं आणि भज्जी.’ तिसऱ्यानं, ‘बिंदगं, भज्जी आणि उंडे.’ क्रम चुकला की तो बाद. चार-पाच जिन्नस सहज राहतात, सातच्या पुढं घसरायला लागतं. यात लेकराचा दोष नाही. १९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या तात्पुरत्या आठवणीत साधारण सात गोष्टी मावतात असं मांडलं होतं. नंतरच्या अभ्यासकांनी तर तो आकडा चारवर आणला. त्यापलीकडं जायचं तर जुड्या बांधाव्या लागतात. खायचं एकीकडं, भांडी एकीकडं, पूजेचं एकीकडं. मुनीम माणूस हे आपोआप करत असेल. लेकराला ते शिकवू नका, त्याला आबांनाच विचारू द्या, की तुमचं कसं चुकत नाही.

अजून एक युक्ती आहे, ग्रीक आणि रोमन वक्ते आपली लांबलचक भाषणं तीच वापरून लक्षात ठेवायचे. घर डोळ्यांपुढं आणायचं आणि एकेक वस्तू एकेका जागी ठेवायची. बिंदगं ढाळजेत, भज्जी तुळशीपाशी, उंडे माळवदावर जायच्या शिडीच्या पायऱ्यांवर, खीर देवघरात. मग मनातल्या मनात दारातून आत चालत जायचं आणि दिसेल ते म्हणायचं. वस्तू जितकी विचित्र ठेवाल तितकी ती राहते. उंडा शिडीवर आहे एवढ्यावर भागवू नका, तो शिडीवरून गडगडत येऊन म्हशीच्या पाठीवर बसला असं करा. पहिल्यांदा हे तुम्हीच करून दाखवा, कारण लेकराला अजून वाटतं की यडपट बोललं तर रागावतील. एकदा का घरातलं मोठं माणूस यडपट बोललं, की मग त्याला आवरावं लागतं.

हा खेळ रात्री झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना विचारा, काल बिंदग्याच्या मागं काय काय होतं? मग चार दिवसांनी एकदा. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं, की शिकलेलं बहुतेक पहिल्याच दिवसात गळतं, पुढचं सावकाश. सकाळचा तो प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

तिसरा खेळ कोड्यांचा, आणि निबंधाच्या तक्रारीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा याच्यावर आहे. ‘सुपभर लाह्या, त्यात रुपया’, ‘इवलंसं कार्टं, घर कसं राखतं’ ही आबांना येत असतील. ती घालून संपली की उलटं करा. लेकरानं घरातली एक वस्तू मनात धरायची आणि तिचं नाव न घेता, रंग न सांगता, ती काय करते तेवढंच दोन ओळींत सांगायचं. ‘शेपूट भिंतीत, तोंड मोबाईलात, स्वतः काही खात नाही, दुसऱ्याचं पोट भरतं.’ हा चार्जर. पहिली कोडी भिकार होतील, चालू द्या. पंधरा दिवसांत बघा ते केरसुणीकडं, पाण्याच्या टाकीकडं, गॅसच्या शेगडीकडं कसं टक लावून बघायला लागतं. निबंधात वाक्य सुचत नाही ते शब्द कमी पडतात म्हणून नव्हे. त्यानं त्या गोष्टीकडं कधी बघितलेलंच नसतं, पुस्तकातला निबंध मात्र पाठ असतो. आपल्या मराठवाड्यात पैठणच्या नाथांची भारुडं गावोगाव रंगली, तीही अशीच, वरून एक दिसतं आणि आत दुसरं असतं.

कोडं सोडवताना उत्तर वेगळं आलं तर ‘चूक’ म्हणायचं नाही. ‘कसं काय?’ विचारायचं. घर राखणारं इवलंसं कार्टं म्हणजे कुलूप, हे जुनं उत्तर. लेकरू म्हणालं ‘कॅमेरा’, आणि कसं ते पटवून दिलं, तर पूर्ण गुण. पटवता आलं नाही तर शून्य. यात लाड नाहीत. नवं सुचणं आणि वाट्टेल ते बोलणं यातला फरक लेकराला इथंच कळतो.

याच अंगाचा अजून एक खेळ, बारदान्याचा. एक रिकामं पोतं समोर ठेवा आणि त्याचे उपयोग सांगत सुटा. मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांनी वेगळ्या वाटेनं जाणारा विचार मोजायला अशीच चाचणी वापरली. तिथं वस्तू वीट असते, आपल्याकडं पोतं बरं. धान्य भरायचं, पाय पुसायचे, पावसात डोक्यावर खोळ घ्यायची, कांदे झाकायचे, ही पहिली पाच-सहा उत्तरं कुणाच्याही घरात निघतात. त्यात दम नसतो. तिथं थांबलात तर खेळ वाया गेला. सगळे गप्प झाल्यावर दोन मिनिटं तसेच बसून राहा. त्यानंतर जे येतं ते बघण्यासारखं असतं, शर्यतीला पाय घालायचं पोतं, गणपतीच्या देखाव्यातला डोंगर, मांजरीच्या पिलांची खोली. जे उत्तर घरात दुसऱ्या कुणालाच सुचलं नाही त्याला दुप्पट गुण. दुसऱ्या दिवशी त्याला म्हणा, आता ‘पोत्याचं आत्मकथन’ लिही. ते पाठ कुठून करणार? कुठल्या गाईडात नाही.

पटावरचे खेळ मी थोडक्यात उरकते, कारण ते मामांना (सासऱ्यांना तुम्ही मामा म्हणत असाल असं धरून) माझ्यापेक्षा चांगले येत असणार. अष्टाचंग, वाघ-शेळी, नवकाकरी. शहाबादी फरशी असेल तर खडूनं आखा, सोंगट्यांना चिंचोके आणि ज्वारीचे दाणे. तिन्हींपैकी एकच निवडायचा तर नवकाकरी घ्या, त्यात नशिबाचा भाग नाही. एकात एक तीन चौकोन, चोवीस जागा, प्रत्येकाला नऊ सोंगट्या, तीन ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. लेकरू आपली ओळ करायच्या नादात समोरच्याची ओळ बघत नाही, तेवढं एक त्याला हरून शिकू द्या. सहलीला वेरूळला जाणं झालं तर एकविसाव्या लेण्यात शिवपार्वती सारीपाट खेळत बसलेत ते त्याला दाखवा. देवाधिदेवही खेळायला बसतात म्हटल्यावर आजोबांना खेळायची लाज वाटायचं कारण नाही.

आणि पावकी-निमकी. मामांच्या पिढीला सव्वा, दीड, अडीचचे पाढे तोंडपाठ असतात, आणि मुनीमकी केलेल्या माणसाच्या डोक्यातून ते सगळ्यात शेवटी जातील. ‘सात सव्वा?’ ‘पावणेनऊ.’ लेकरानं मोबाईलवर हिशेब करायचा, आबांनी तोंडी, बघू कोण आधी. पहिला महिनाभर आबा जिंकतील आणि मोबाईल हरतोय हे बघून ते शिकायला स्वतःहून मागं लागेल. मोबाईलचा एवढा उपयोग मला चालतो.

वेळेचं म्हणाल तर जेवणानंतर वीस मिनिटं, तीही रोजच पाहिजे असं नाही. हातातला मोबाईल हिसकावून खेळ सुरू करू नका, नाहीतर खेळ म्हणजे शिक्षा असं डोक्यात बसेल. तुम्ही आणि मामा भेंड्या सुरू करा, जरा मोठ्यानं. तुम्ही भाकरी थापता थापता र वर अडल्या की ते कान टवकारेल. पाहुणे आल्यावर ‘बाळा, ते बिंदग्याचं म्हणून दाखव’ असं कधीही करू नका. आबा अडखळले की हसायचं नाही, हा नियम लेकराला पहिल्याच दिवशी बजावून सांगा, आणि त्यांनाही उत्तर पुरवू नका. पुष्कळ वेळ गेला आणि चेहरा पडायला लागला, तरच पहिलं अक्षर. मामांनी नातवाला मुद्दाम जिंकू देऊ नये, हेही त्यांना सांगा. लेकरांना ते लगेच कळतं.

सुरुवात येत्या बाजाराच्या दिवशी करा. चिठ्ठी लिहायची नाही. सात जिन्नस तोंडी सांगा, दोघांना मिळून पाठवा, आणि घरापासून बाजारापर्यंत त्यांचं ते काय ठरवतात ते ठरवू द्या. दोन जिन्नस विसरून आले तर परत पाठवू नका. कोथिंबिरीशिवायही भाजी होते.